इंग्लंडातलं शांत उपनगर आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी आमच्या पिनरबद्दल थोडंसं लिहिलं होतं, लंडनच्या वायव्येला असलेलं हे छोटं उपनगर, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेसेज आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यातच जाणार. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, ती म्हणजे तिथली शांतता. ती अंगावर येते का, सवय होते का, शेजारी बोलतात का. मी इथे चौदा वर्षं राहतेय, त्यात जे बघितलं ते सांगते.

प्रश्न: ताई, मिस्टरांची बदली लंडनला झालीये आणि कंपनीने उपनगरात घर बघून दिलंय. मी मॅपवर तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिला, गाड्या आहेत, घरं आहेत, झाडं आहेत पण एक माणूस दिसेना. मी सदाशिव पेठेत वाढलेय. माणसं असतात कुठे? मला तिथे जमेल का? (पुणे)

उत्तर: माणसं घराच्या मागच्या बाजूला असतात. हे माझ्या लक्षात यायला पहिला उन्हाळा उजाडावा लागला. आपल्याकडे घराचं सगळं जगणं पुढच्या बाजूला असतं ना, ओसरी, गॅलरी, जिना, कोपऱ्यावरचं दुकान, येणारा जाणारा दिसतो आणि आपण त्याला दिसतो. इथे पुढची बाग दुसऱ्यांना बघायला असते आणि मागची राहायला. पुढे चार गुलाब, कापलेलं कुंपण, गाडी. आणि मागे मुलांचं ट्रॅम्पोलिन, वाळत घातलेले कपडे, खुर्ची टाकून चहा पीत बसलेली माणसं, उन्हाळ्यात शनिवारी कुणाचातरी बार्बेक्यू आणि हमखास कुणीतरी गवत कापायचं मशीन चालवत असतं. रस्त्यावरून यातलं काही दिसत नाही म्हणून मॅपवर तुम्हाला गाव ओस वाटलं.

ही उपनगरं मुळात वसवलीच आहेत अशी. आमच्याकडे मेट्रोपॉलिटन रेल्वे १८८५ साली आली, तोवर पिनर म्हणजे शेतं आणि एक जुनं चर्च असलेलं खेडं होतं. मग त्या रेल्वे कंपनीच्या लक्षात आलं की रुळांच्या आजूबाजूच्या जमिनीवर घरं झाली तर रोज तिकीट काढणारे पॅसेंजर आपोआप मिळतील. १९१५ पासून त्यांनी या सगळ्या पट्ट्याला 'मेट्रोलँड' असं नाव देऊन जाहिराती सुरू केल्या, हॅरो, पिनर, रायस्लिप, पार ॲमरशॅमपर्यंत, की लंडनच्या धुरातून बाहेर पडा, स्वतःची बाग असलेल्या घरात राहा आणि कामाला ट्रेनने जा. १९३३ साली ती कंपनी लंडनच्या सरकारी वाहतूक मंडळात विलीन झाली पण घरं तशीच उभी आहेत, एका भिंतीला चिकटलेली दोन दोन घरं, पुढे फुगीर खिडकी, वर त्रिकोणी छप्पर. इथे विकलं गेलं ते हेच, की गर्दीतून सुटका. त्यामुळे शांतता ही इथल्या लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे आणि ते ती जपतात. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. हे जर पहिल्याच महिन्यात कळलं असतं तर माझं बरंच रडणं वाचलं असतं.

जमेल का विचारलंयत, तर जमेल. पहिला हिवाळा जड जाईल. रोज एका ठराविक वेळी बाहेर पडा आणि त्याच रस्त्याने चाला, पाऊस असला तरी. दोन आठवड्यांनी कुत्रा फिरवणारे आजोबा मान हलवतील, महिन्याने 'मॉर्निंग' म्हणतील, मग हवेबद्दल एक वाक्य येईल. हवेबद्दलच्या त्या वाक्याला उत्तर द्या, ते म्हणजे त्यांनी अर्धं उघडलेलं दार असतं. 'यू ऑलराइट?' असं कुणी विचारलं तर मात्र तब्येतीची हकीकत सांगायची नसते, तो नुसता नमस्कार आहे.

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे, वडील गेल्यावर कोल्हापुरात एकटीच असते. मी तिला सहा महिन्यांसाठी इथे रेडिंगजवळ आणतोय. आम्ही दोघं नोकरीला, दिवसभर ती घरात एकटी. तिला करमेल का? काय तयारी करू? (बर्कशर)

उत्तर: आधी मला सांगा, आणताय कोणत्या महिन्यात? कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली होती. माझी आई पहिल्यांदा आली ती नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेलेली असतात, आणि डिसेंबरात तर लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो. मी सव्वासहाला घरी यायचे, तोपर्यंत आईची दोन अडीच तास रात्र झालेली असायची. सांगलीला आमचं पुढचं दार सकाळी उघडलं की रात्री जेवणं झाल्यावर लागतं, दूधवाला, भाजीवाली, समोरच्या काकू, कुणी ना कुणी डोकावतंच. इथे बेल वाजली की पार्सल, आणि आई गुडघे सांभाळत दारापर्यंत जाईस्तोवर तो माणूस पार्सल पायरीवर ठेवून गेलेला. ती पुढच्या खिडकीत बसून राहायची. मी आले की सांगायची, आज अकरा माणसं गेली, आज सात. एक दिवस जेवताना म्हणाली, "इथे कुणी मेलं तर शेजारच्याला कळतं का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

ती तीन महिन्यांतच परत गेली आणि मी तिला थांबवलं नाही.

दोन वर्षांनी मी तिला मे महिन्यात आणली आणि तीच आई, तेच घर, पण सगळंच वेगळं झालं. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेल्यावरही उजेड असतो, मागचं दार उघडं राहतं, ती दुपारी बागेत खुर्ची टाकून मेथी निवडत बसायची. कुंपणापलीकडे एक एकट्या राहणाऱ्या इंग्लिश आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, तेव्हापर्यंत माझं आणि त्यांचं बोलणं म्हणजे वर्षाला एक ख्रिसमस कार्ड. त्यांनी मेथी बघून हे काय म्हणून खुणेनं विचारलं. आईनं एक जुडीच उचलून दिली. दुसऱ्या दिवशी त्या त्यांच्या बागेतला रुबार्ब घेऊन आल्या, लालसर आंबट दांडे असतात ते, आईनं चव बघितली आणि म्हणाली ही तर कैरीच, आणि गूळ, मेथीदाणे, तिखट घालून त्याचा मेथांबा केला. (रुबार्बची पानं मात्र विषारी असतात हं, अळूसारखी मोठी दिसतात म्हणून आई त्यांच्या बागेकडे बोट दाखवून ती मागत होती, आजींनी दोन्ही हात हलवून नो नो केलं. तुमच्या आईंना हे आधीच सांगून ठेवा.) दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईचं 'गुड मॉर्निंग' आणि 'व्हेरी नाइस', आजींचं 'नमस्ते', बाकी सगळं हातवारे.

ऑगस्टात एका सकाळी आई मला म्हणाली, त्यांचे पडदे अजून उघडलेले नाहीत, जाऊन ये. मी ऑफिसच्या कॉलवर होते, म्हटलं झोपल्या असतील. आईनं चपला घातल्या आणि स्वतःच निघाली, म्हणून मग मी गेले. आजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या होत्या, पाय मुरगळलेला, रात्रीपासून उठता येत नव्हतं आणि फोन वरच्या खोलीत. त्यानंतर त्यांनी घराची एक किल्ली आमच्याकडे दिली आणि आमची त्यांच्याकडे असते. शेजारी किल्ली देणं ही इथली फार मोठी गोष्ट आहे.

तर आता तयारीचं बोलू. शक्य असेल तर एप्रिल ते सप्टेंबर आणा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचे हॉस्पिटलचे खर्च फार असतात, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे दाखवणं आणि इमर्जन्सी विभागातली पहिली तपासणी फुकट होते पण ॲडमिट करावं लागलं तर एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल लागतं, तेव्हा आधीचे आजार स्पष्ट लिहिलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात बसवू नका. त्यांच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा.

आणि त्यांना घरातलं एक काम पूर्ण सोपवा, बागेतला एक वाफा, कोथिंबीर आणि मेथी इथे उन्हाळ्यात छान येते. पहिल्या आठवड्यात रजा काढून त्यांना बसने लायब्ररीपर्यंत न्या, तिथे मेंबर नसलं तरी बसता येतं, उबदार असतं आणि सकाळी लहान मुलांची गाणी वगैरे चालू असतात. तीन चार वेळा सोबत जा, मग एकटीला जाऊ द्या. तुमच्या घराचा पत्ता आणि फोन नंबर इंग्लिशमध्ये लिहिलेला कागद त्यांच्या पर्समध्ये असू दे. व्हिडिओ कॉल कोल्हापूरच्या वेळेने ठरवा, उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे इथली त्यांची रिकामी दुपार ही तिथली संध्याकाळ, मैत्रिणी सापडतात.

एकटेपणा फक्त आपल्याच आयांना येतो असंही समजू नका. या देशाने २०१८ साली एकटेपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्याकडे जबाबदारी दिली, इतका तो इथल्या लोकांनाही छळतो. तुमच्या रस्त्यावरही कुणीतरी खिडकीत बसून माणसं मोजत असेल.

प्रश्न: कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा वास, गणपतीची आरती यावरून शेजारी तक्रार करतात का? आमची भिंत शेजाऱ्यांना लागून आहे. (लेस्टर)

उत्तर: कुकरच्या शिट्टीवरून कुणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. रात्री अकरा ते सकाळी सात ही वेळ जपा, बाकी दिवसा घरगुती आवाज चालतात. फोडणीचा वास बाहेर जातो त्यापेक्षा आपल्याच कोटांना जास्त लागतो, स्वयंपाक करताना कोट अडकवलेल्या पॅसेजचं दार लावून घ्या आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.

आरतीचं म्हणाल तर आम्ही दरवर्षी गणपतीच्या चार दिवस आधी दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांत एक चिठ्ठी टाकतो की अमुक दिवशी संध्याकाळी सात ते आठ टाळ वाजतील, गाड्या जास्त असतील, आणि तुम्हीही या. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी भिंतीपलीकडचं जोडपं दहा मिनिटांसाठी आलं, उभं राहिलं, मोदक खाल्ला आणि गेलं, आता त्यांची मुलगी टाळ वाजवते. आधी सांगितलेला आवाज इथे कुणाला त्रास वाटत नाही, न सांगता केलेला वाटतो, एवढंच आहे ते.

फटाक्यांचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतेच कारण मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. इंग्लंडात एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी आहे, ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला बारापर्यंत सूट, आणि ३१ डिसेंबर, चिनी नववर्ष आणि आपली दिवाळी या तिन्हींना रात्री एकपर्यंत. कायद्यातच दिवाळीचं नाव आहे. तरी आजूबाजूला कुत्री असतात, ती घाबरतात, तेव्हा चिठ्ठी तेव्हाही टाका.

प्रश्न: कचऱ्याचे इतके डबे का? (मिल्टन कीन्स)

उत्तर: रिसायकलचा वेगळा, बाकीचा वेगळा, उरलेल्या अन्नाचा छोटा, बागेच्या पाल्याचा वेगळा. रंग आणि वार प्रत्येक काउन्सिलचे (म्हणजे इथल्या नगरपालिकेचे) निराळे, आणि बऱ्याच ठिकाणी एका आठवड्यात एक नि दुसऱ्या आठवड्यात दुसरा डबा नेतात. काउन्सिलच्या साइटवर पोस्टकोड टाका, कॅलेंडर मिळतं, ते फ्रिजवर लावा. डबे आदल्या रात्री बाहेर काढायचे. विसरलात तर आज कुठला डबा हे समोरचं घर बघून कळतं, सगळे तेच करतात. आणि शेजारी गावाला गेलेले असतील तर त्यांचाही डबा बाहेर काढून परत आत ठेवा, मैत्री व्हायला याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

प्रश्न: भाड्याच्या जुन्या घरात बेडरूमच्या भिंतीवर काळे डाग आलेत, मालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही. बाळ दहा महिन्यांचं आहे. (कॉव्हेंट्री)

उत्तर: हे अजिबात अंगावर काढू नका. ती बुरशी आहे आणि बाळाच्या छातीला ती वाईट. रोचडेलमध्ये २०२० साली दोन वर्षांचा अवाब इशाक नावाचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला, त्याच्या नावाने कायदा झालाय, ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडातल्या काउन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्याची घरं देणाऱ्या संस्थांच्या) घरांमध्ये अशी तक्रार आली की ठराविक मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करावीच लागते. तुमचं घर खासगी मालकाचं आहे, तरी आजच फोटो काढा, तारखेसकट ईमेल करा, तोंडी बोलण्यावर राहू नका. दाद दिली नाही तर काउन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला कळवा. बाळाचा खोकला असेल तर जीपीला बुरशीबद्दल आवर्जून सांगा.

तुमच्या हातातलं असं की थंडीत रेडिएटरवर कपडे वाळत घालणं बंद करा, एका धुण्यातलं लिटर दोन लिटर पाणी हवेत जातं आणि गार भिंतीवर जाऊन बसतं. सकाळ संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवा, अंघोळीनंतर फॅन चालू राहू द्या, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि बाळाचा पाळणा त्या भिंतीपासून लांब हलवा. पण छतातून किंवा पाइपातून पाणी झिरपत असेल तर खिडक्या उघडून काही होणार नाही, ते मालकाचंच काम आहे.

प्रश्न: घर घ्यायचंय. आपली माणसं आहेत तिथे घ्यावं, वेंब्ली हाउन्स्लोसारखं, की शांत भागात? (लंडन)

उत्तर: माझं मत सांगते, चालत जाता येईल अशा स्टेशनाजवळचं शांत घर घ्या आणि आपली माणसं ट्रेनने अर्ध्या तासात असू द्यात. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर मी महिन्यातून दोनदा जाते, भाजी, पीठं, कढीपत्ता सगळं मिळतं, आणि महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे, तिथे गेलं की दोन तास फक्त मराठी कानावर पडतं. घरी म्हातारं माणूस कायमचं राहणार असेल तर मात्र माझं उत्तर उलटं, मग देऊळ आणि भाजीचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असलेलंच घर बघा, बाग लहान असली तरी चालेल. शाळेचं अंतर आणि काउन्सिल टॅक्सचा (घरपट्टीचा) बँड, म्हणजे त्याचा गट, घर बघतानाच विचारा.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा आहे. नाशिकला संध्याकाळी पंधरा पोरं खाली असायची. इथे रस्त्यावर एकही मूल खेळत नाही. रोज विचारतो, आई मी कुणाशी खेळू? (ब्रिस्टल)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला माझा मुलगा आठवला. इथे खेळणं ठरवून होतं, आधी आईबाबांचे मेसेज, मग शनिवारी तीन ते पाच. आपल्याला ते परकं वाटतं, पण वाट बघत बसू नका, शाळा सुटताना गेटवर उभ्या असलेल्या आयांपैकी एकीला तुम्हीच विचारा, आणि पहिल्यांदा तुमच्याच घरी बोलवा. मुलांना काय चालत नाही, ॲलर्जी वगैरे, एवढं विचारून घ्या. आठ वर्षांचा म्हणजे कब स्काउटच्या (लहान मुलांच्या स्काउटच्या) वयाचा आहे, साडेदहा वर्षांचा होईपर्यंत जाता येतं, आठवड्यातून एक संध्याकाळ असते, जागा पटकन मिळत नाही म्हणून नाव आजच घाला. शनिवारी किंवा रविवारी सकाळी पार्कात मुलांचं फुटबॉल असतंच.

आणि घराच्या मागे बाग असेल तर त्याला एक बॉल आणून द्या. तो कुंपणापलीकडे जाईल, जाऊ दे. आणायला तुम्ही जाऊ नका, त्याला पुढच्या दाराने पाठवा, बेल वाजवून 'कॅन आय हॅव माय बॉल बॅक प्लीज' म्हणायला शिकवा. माझ्या मुलाने त्या उन्हाळ्यात बहुतेक वीस वेळा तरी ती बेल वाजवली असेल, एकविसाव्या वेळी पलीकडचा मुलगाच बॉल घेऊन आमच्याकडे आला.